पावसाची जुनी गणितं का चुकतात?

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचं गाव पैनगंगेच्या उगमाकडच्या पट्ट्यात येतं. इथली शेती मुख्यतः पावसावरची. जूनमध्ये पेरणी होते, मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडं, आणि काढणीच्या तोंडावर पाऊस असा कोसळतो की सोयाबीनच्या उभ्या शेंगांत दाण्याला कोंब फुटतात. शेंग दाबून पाहिली की आत पांढरा मोड दिसतो. तो माल बाजारात कवडीमोलाने जातो.

यामागे एक साधं कारण आहे. हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस पडायला वेळ लागतो, पण पडतो तेव्हा एकदम पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या 2017 च्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

हवा तापते ती कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने आणि जंगलं तोडल्याने. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 कण होते, आता ते 420 च्या वर गेले आहेत. हा वायू जमिनीतून निघणारी उष्णता गोधडीसारखी अडवतो. हा वायू वाढण्यात कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा नगण्य, आणि नुकसान मात्र सगळ्यात आधी त्याचं, हे मला अन्यायाचं वाटतं. जोरदार सरीत उतारावरची माती वाहून जाते, पाणी मुरत नाही, आणि मार्चमध्येच विहिरी तळ गाठतात. बांधबंदिस्ती आणि रुंद वरंबा-सरीवरची पेरणी यांनी थोडं पाणी शिवारातच थांबतं.