थेंबावर अडलेला संसार

पावसाळ्यात गडांच्या तटबंदीवर, विहिरीच्या कठड्यावर, जुन्या कौलांवर दाट हिरवा थर चढतो. भिंग धरून पाहिलं, तर त्यात इवलीशी खोडं आणि त्यांच्याभोवती पानं दिसतात. ही मॉस, ब्रायोफायटा गटातली वनस्पती.

तिला खरी मुळं नसतात. केसांसारखे मूलाभ असतात, तेही मुख्यतः दगड धरून ठेवण्यापुरते. पाणी वर चढवणाऱ्या पक्क्या नळ्या नाहीत, म्हणून उंची बेताचीच, बहुधा काही सेंटिमीटर. पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीइतकं जाड. अंगावर पडेल ते पाणी ते थेट शोषतं आणि उन्हात तितक्याच झटपट गमावतं. मरत मात्र नाही. भर उन्हाळ्यात वाळलेल्या मॉसवर पाणी शिंपडलं, तर अनेकदा काही मिनिटांतच पानं उलगडतात.

खरी अडचण वंशवाढीची. नरपेशीला दोन शेपट्या असतात आणि सुरईच्या आकाराच्या मादी अवयवातल्या अंडपेशीपर्यंत तिला पोहतच जावं लागतं. मधे पाण्याचा पातळ थर नसेल, तर प्रवास तिथेच थांबला! पावसाच्या थेंबाचे उडणारे तुषार कधी हे काम करतात. 2006 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की उड्या मारणारे सूक्ष्म कीटकसदृश जीवही नरपेशी वाहून नेतात.

पुढची गंमत उलटी आहे. फ्युनारिया नावाच्या मॉसमध्ये मीलनानंतर तयार होणाऱ्या बीजाणूंच्या कुपीचे दाते हवा कोरडी झाली की उघडतात. बीजाणू वाऱ्यावर जातात, पण रुजायला त्यांना पुन्हा ओलच लागते.