साच्याला बाहेरून हादरा

डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या ट्रिनिटी स्थानकाजवळ ‘नम्म मेट्रो’च्या १५५ क्रमांकाच्या खांबावरील तुळईत हनीकोंब सापडलं. गाड्यांचा वेग कमी करावा लागला आणि दुरुस्तीसाठी एम. जी. रोड ते इंदिरानगर हा पट्टा महिनाअखेरीस बंद ठेवावा लागला. हा मार्ग २० ऑक्टोबर २०११ ला सुरू झालेला. म्हणजे दोष सात वर्षं पोटात होता. हनीकोंबमध्ये खडी खडीला टेकून राहते, मधल्या जागेत मसाला शिरतच नाही. काँक्रीटमध्ये पाच टक्के पोकळी राहिली तरी ताकद तीसेक टक्क्यांनी घटते.

अशी पोकळी राहू नये म्हणून ओतलेल्या काँक्रीटमध्ये आपण नीडल, म्हणजे थरथरणारी नळी, घालतो. पण सळया आणि केबलच्या नळ्या दाटीवाटीने बसवल्या की नीडलला वाटच उरत नाही. तिथे शटर व्हायब्रेटर लागतो: साच्याच्या बाहेर बोल्टने आवळलेली, विषम वजनं फिरवणारी मोटर. फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने याने ही वाट पहिल्या महायुद्धाच्या काळातच चोखाळली होती. आपल्याकडे १९६८ पासून आयएस ४६५६ हे शटर व्हायब्रेटरचं स्वतंत्र मानक आहे.

मेट्रोच्या पुलाचे पेटीसारखे सेगमेंट कास्टिंग यार्डात पोलादी साच्यात भरतात, तेव्हा या यंत्राची खरी परीक्षा होते. पन्नास हर्ट्झच्या विजेवर साधी मोटर मिनिटाला तीन हजारांच्या आतबाहेर फिरते. तिचा हादरा पत्र्यातून आत जातो, पण साधारण फूटभरच. म्हणून सेगमेंटच्या तिरप्या भिंतीला बाहेरून व्हायब्रेटर, तर वरच्या स्लॅबला नीडल, अशी विभागणी करतात. काँक्रीट जिथवर चढलंय तेवढेच व्हायब्रेटर चालू ठेवायचे. रिकाम्या पत्र्यावर चालवले तर साचाच खिळखिळा होतो.

माझ्या मते सगळी मदार व्हायब्रेटरला साच्यावर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर आहे. ते नुसत्या पत्र्याला जोडलं तर पत्रा फडफडतो आणि हादरा तिथेच विरतो. पत्र्यामागच्या रिबला पक्कं वेल्ड केलं तर तो भिंतभर पसरतो. बोल्ट सैल झाला की आवाज बदलतो, आणि जाणता फिटर तो लांबूनच ओळखतो. साच्याच्या सांध्यातली रबराची पट्टी निसटली असेल तर हाच हादरा सिमेंटची स्लरी बाहेर ढकलतो, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हनीकोंब पदरी पडतं. बंगळुरूत नदीची वाळू दुर्मिळ झाल्यामुळे एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, सर्रास वापरतात. तिचे कण टोकदार, मिश्रण राठ. त्यामुळे नीट हादरवणं आणखी गरजेचं.

हादऱ्याशिवाय आपोआप बसणारं सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट आलंय, जपानमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस घडलेलं. पण ते महाग आहे, त्याचा साच्यावरचा दाबही जास्त असतो. ते सर्रास वापरात येईपर्यंत निविदेत फक्त काँक्रीटची ग्रेड लिहून भागणार नाही. व्हायब्रेटर किती, किती अंतरावर, ब्रॅकेट कुठे, हे नकाशावर हवं. ओतणं सुरू असताना एक बंद पडला तर लगेच बसवायला दुसरा हाताशी हवा आणि वीज गेली तर जनरेटरही.