पेट्रोलची प्रत, ऑक्टेन अंक आणि मोटारीचे लीटरमागील अंतर

नीरा-बारामती रस्त्यावरील वडगाव निंबाळकर हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात वसलेले आहे. सभोवारचे मुख्य पीक ऊस. गावाच्या पश्चिमेस सोमेश्वरनगरचा सहकारी साखर कारखाना, पूर्वेस माळेगावचा, आणि बारामतीपलीकडे इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना. अशा या ऊसपट्ट्यात उसाच्या पैशातून घेतलेली उंची मोटार दारी उभी असणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. त्या मोटारीच्या टाकीतील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते, आणि ते ऊस, मका, तांदूळ यांसारख्या शेतमालापासून काढलेले असते. म्हणजे पेट्रोलचा ग्राहक आणि त्यात मिसळल्या जाणाऱ्या द्रव्याच्या कच्च्या मालाचा उत्पादक, या दोन्ही भूमिका येथे पुष्कळदा एकाच घरात असतात. या मोटारधारकांपुढे दोन प्रश्न नेहमी असतात. अधिक आकड्याचे व अधिक किमतीचे पेट्रोल घातल्याने मोटार लीटरमागे अधिक अंतर कापते काय? आणि एथेनॉलमुळे हे अंतर घटते ही तक्रार कितपत खरी आहे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे परस्परांत गुंतलेली आहेत. त्यांचा उलगडा होण्यासाठी पेट्रोलची प्रत दर्शविणारा आकडा नेमके काय मोजतो हे प्रथम पाहिले पाहिजे.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि योग्य क्षणी विजेच्या ठिणगीने पेटविले जाते. ज्योत ठिणगीपासून क्रमाने पसरत जावी आणि वाढत्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जावा, ही अपेक्षित क्रिया होय. परंतु ज्योत पसरत असताना पलीकडील न जळलेले मिश्रण अधिकाधिक दाबले जाते व तापते. ते ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटले तर दाबाच्या लाटा उसळतात आणि धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. कारागीर ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात तो हाच ठोका होय. तो दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्या व त्याच्या कड्या निकामी होतात. या ठोक्याला इंधन किती विरोध करते याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक. १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर यांनी या मापासाठी दोन शुद्ध द्रव्ये सुचविली. सहज ठोका देणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला ० आणि ठोक्याला चांगला विरोध करणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० अंक देण्यात आला. ठरावीक चाचणी-इंजिनात एखादे पेट्रोल ९५ भाग आयसो-ऑक्टेन व ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा अंक ९५ होय. हा अंक इंधनातील उष्णतेचे माप नव्हे, हे येथे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. ९५ अंकाच्या लीटरभर पेट्रोलमध्ये ९१ अंकाच्या पेट्रोलपेक्षा अधिक शक्ती भरलेली असते, ही समजूत चुकीची आहे.

मग उच्च अंकाचा उपयोग कोणता? त्याचे उत्तर संपीडन-गुणोत्तरात आहे. मिश्रण जितके अधिक दाबून पेटवावे तितकी उष्णतेचे कार्यात रूपांतर करण्याची इंजिनाची क्षमता वाढते. हे गुणोत्तर १० वरून १२ वर नेले, तर सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे ५० टक्क्यांवरून सुमारे ५२.५ टक्क्यांवर जाते. म्हणजे तेवढ्याच इंधनात सुमारे ५ टक्के अधिक काम निघते. प्रत्यक्ष इंजिनात दोन्ही आकडे यापेक्षा बरेच कमी असतात, पण वाढीची दिशा तीच राहते. मात्र अधिक दाबाबरोबर ठोक्याची भीतीही वाढते, आणि उच्च ऑक्टेन ती भीती दूर करते. सारांश, उच्च ऑक्टेन स्वतः काम करीत नाही. अधिक काम करू शकणाऱ्या इंजिनाला तसे करण्याची ते मुभा देते. ज्या इंजिनाला त्या मुभेची गरजच नाही, त्याला तिचा उपयोगही नाही.

उंची मोटारींना ही गरज बहुधा असते. त्यांच्या इंजिनात टर्बोचार्जर हवा कोंबून भरतो आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. म्हणूनच अनेक युरोपीय उत्पादक आपल्या पुस्तिकेत ९५ अंकाचे पेट्रोल वापरण्याची शिफारस करतात. त्याहून कमी अंकाचे पेट्रोल पडल्यास अशा मोटारीचे इंजिन लगेच बिघडत नाही. सिलिंडरवर बसविलेला संवेदक ठोक्याची चाहूल घेतो आणि नियंत्रक-संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. ठोका थांबतो, परंतु दाब दट्ट्यावर उशिरा पडल्यामुळे काही उष्णता काम न करताच धुरांड्यावाटे निघून जाते. हे नुकसान सर्वत्र सारखे नसते. वडगावहून बारामतीपर्यंतच्या बहुतांशी सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाताना इंजिनावर भार थोडा असतो आणि ठोक्याचा प्रश्न क्वचितच उद्भवतो. पुण्याहून परतताना भरउन्हात चार माणसे व सामान घेऊन दिवे घाट चढावयाचा असतो, तेव्हा मात्र ठिणगी मागे घ्यावी लागते आणि पेट्रोलच्या प्रतीतील फरक प्रत्ययास येतो.

या तर्कास प्रयोगांचा आधार आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ साली साध्या पेट्रोलसाठी बनविलेल्या मोटारींत उच्च प्रतीचे पेट्रोल घालून पाहिले. त्यात लक्षणीय लाभ आढळला नाही. २०१७ साली त्याच संस्थेने, उच्च प्रतीची शिफारस असलेल्या परंतु सक्ती नसलेल्या मोटारी तपासल्या. त्यांचे इंधनामागील अंतर सरासरी २.७ टक्के आणि शक्ती सरासरी १.४ टक्के वाढली. त्या वेळी तेथे उच्च प्रतीचे पेट्रोल २० ते २५ टक्के महाग होते. म्हणजे लाभ खरा, पण किमतीच्या मानाने अल्प, असाच निष्कर्ष निघतो.

आता एथेनॉलकडे वळू. ठोका थोपविण्यासाठी पेट्रोलमध्ये दुसरे द्रव्य मिसळण्याची प्रथा जुनी आहे. १९२१ साली टॉमस मिजली यांनी टेट्राएथिल शिशाचा हा गुण शोधला आणि अनेक दशके जगाने ते विषारी द्रव्य वापरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. एथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ असून त्याच्या बाष्पीभवनास पुष्कळ उष्णता लागते. त्यामुळे सिलिंडरमधील मिश्रण थंड होते आणि ठोक्यास दुहेरी पायबंद बसतो. परंतु एथेनॉलच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनचा असतो, आणि ऑक्सिजन स्वतः जळणारा नाही. परिणामी पेट्रोलच्या एका लीटरमध्ये सुमारे ३२ मेगाजूल उष्णता असते, तर एथेनॉलच्या लीटरमध्ये सुमारे २१. यावरून हिशोब केला असता २० टक्के मिश्रणाच्या लीटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ६ ते ७ टक्के, आणि १० टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी उष्णता भरते. ऑक्टेन वाढणे आणि लीटरमागील उष्णता घटणे हे एकाच द्रव्याचे दोन गुण आहेत. त्यांपैकी एकच सांगून दुसरा झाकणे शास्त्रास धरून होणार नाही.

महाराष्ट्रास हा विषय नवा नाही. मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्यासाठी देशात १९४८ सालीच पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. पुढे २००१ साली ५ टक्के मिश्रणाचे जे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतील दोन मिरज व मनमाड येथे होते. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. निती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालात याचा अंदाज दिलेला आहे. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींचे अंतर २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल, तर १० टक्क्यांसाठी रचलेल्या व २० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींचे १ ते २ टक्केच घटेल, असे तो सांगतो. हा फरक बोधप्रद आहे. इंजिनाची जुळणी नव्या मिश्रणास अनुरूप असेल, तर वाढलेल्या ऑक्टेनचा लाभ घेऊन ते उष्णतेतील तूट बरीचशी भरून काढते. जुने इंजिन तो लाभ घेऊ शकत नाही, आणि तूट मात्र त्याच्या वाट्यास पुरती येते.

पेट्रोलपंपावरील निवडीस यामुळे नवे वळण मिळाले आहे. २० टक्के मिश्रणाच्या भारतीय मानकात किमान ऑक्टेन अंक ९५ आहे. साधे म्हणून मिळणारे मिश्रणच या अंकाचे असेल, तर केवळ अंकासाठी ९५ चे महाग पेट्रोल घेण्याचे कारण उरत नाही. उरतो तो त्यातील इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या द्रव्यांचा लाभ, आणि तो लीटरमागील अंतरात लगेच दिसेलच असे नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आणलेल्या १०० अंकाच्या पेट्रोलचाही न्याय वेगळा नाही. ज्या इंजिनाची जुळणी तितक्या अंकाचा उपयोग करून घेणारी आहे त्यासच ते लाभते.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. समजा, साधे पेट्रोल १०० रुपये लीटर असून मोटार लीटरमागे १२ किलोमीटर जाते. किलोमीटरला ८ रुपये ३३ पैसे पडले. उच्च प्रतीचे पेट्रोल १०८ रुपये असेल, तर खर्च तोच राहण्यासाठी मोटारीने १२.९६ किलोमीटर गेले पाहिजे. उपरोक्त २.७ टक्क्यांची वाढ धरली तर ती सुमारे १२.३२ किलोमीटर जाईल आणि किलोमीटरमागे सुमारे ४३ पैसे अधिकच पडतील. जितके टक्के किंमत अधिक, तितके टक्के अंतर वाढले तरच बरोबरी होते, हा नियम कोणत्याही दिवशीच्या भावास लावून पाहता येतो.

अंतर मोजतानाही दक्षता हवी. टाकी काठोकाठ भरावी, अंतराची नोंद करावी, आणि पुढील वेळी त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरून लागलेल्या लीटरांनी अंतरास भागावे. भरण्यात अर्ध्या लीटरचा फरक पडला, तर ५० लीटरमागे १ टक्क्याची आणि २० लीटरमागे अडीच टक्क्यांची चूक होते. जो फरक शोधावयाचा तोच दोन-तीन टक्क्यांचा असल्याने एका टाकीवरून काढलेला निष्कर्ष निरर्थक ठरतो. दोन्ही प्रती आळीपाळीने चार-पाच वेळा भरून, त्याच रस्त्यावर व टायरमधील हवेचा दाब समान ठेवून सरासरी काढावी. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे रखडत केलेला प्रवास आणि उन्हाळ्यातील मोकळ्या रस्त्यावरचा प्रवास यांची तुलना करू नये.

तात्पर्य, पेट्रोलची प्रत मोटारीच्या किमतीवरून वा पंपावरील मोठ्या आकड्यावरून ठरवू नये. इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेत जो किमान व जो शिफारशीचा अंक दिलेला असतो, तो पाहून ठरवावी. किमानाखाली जाणे इंजिनास घातक आहे. शिफारशीपर्यंत जाणे घाटात व भाराखाली उपयुक्त आहे. त्यापलीकडे जाणे हा बहुधा निव्वळ खर्च होय. एथेनॉलमुळे होणारी घटही नाकारण्यासारखी नाही आणि फुगवून सांगण्यासारखीही नाही. ती मोजता येते, आणि इंजिनाच्या योग्य जुळणीने कमीही करता येते. ऊस पिकविणाऱ्या आणि मोटार चालविणाऱ्या दोघांचेही हित हे माप उघडपणे सांगितले जाण्यातच आहे.