इंजिन तापलेलं, डबी गारठलेली

ताडकळसच्या शिवारात गवत वाढलं तर त्यावर म्हैस चरते, नाहीतर विळ्यानं कापून त्याची वैरण होते. केवळ दिसायला बरं म्हणून गवत कापायचं, आणि तेही यंत्रावर बसून, हे ऐकून पूर्णा तालुक्यात कुणालाही हसूच येईल. अमेरिकेत मात्र मैदानांचं, बागांचं, शाळांच्या आवारांचं गवत छोट्या ट्रॅक्टरसारख्या यंत्रांवर बसून कापतात, आणि त्यातली काही यंत्रं प्रोपेनवर चालतात. प्रोपेन आपल्याला परका नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन हेच दोन वायू दाबाखाली द्रव करून भरलेले असतात. त्या यंत्राची देखभाल समजून घ्यायला लागलं की आपल्या टाकीची बरीच गुपितं उलगडतात.

पहिलं गुपित थंडीचं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली. म्हणजे टाकीतला द्रव उकळायला टपलेलाच असतो. त्याला दाबानं रोखून धरलेलं असतं, एवढंच. वाट मिळाली की तो उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता आजूबाजूच्या धातूतून ओढून घेतो. माठातलं पाणी परभणीच्या उन्हाळ्यात गार होतं ते याच नियमानं. काही यंत्रं टाकीतून नुसती वाफ घेतात, तेव्हा टाकीच गारठते. काही द्रव घेतात आणि इंजिनाजवळच्या एका डबीत त्याची वाफ करतात. ही डबी एवढी थंड होऊ शकते की तिच्यावर पांढरं हिव धरतं. शेजारी इंजिन हात लावू देणार नाही इतकं तापलेलं, आणि वीतभर अंतरावर बर्फ! म्हणून इंजिनाचीच उष्णता त्या डबीकडे वळवलेली असते. देखभाल करणारा माणूस तिथं हिव धरलंय का ते पाहतो. धरलं असेल तर उष्णता पोचत नाही, किंवा गॅस गरजेपेक्षा जास्त ओढला जातोय, हे त्याला न खोलता कळतं.

परभणीचा पारा हिवाळ्यात कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. अशा पहाटे टाकी संपत आलेली असताना शेगडीची आच मंदावते, त्याचं कारण हेच. टाकीतून प्रोपेन आधी आणि जास्त प्रमाणात निघून जातो, मागं उरतं ते ब्युटेनचं प्रमाण अधिक असलेलं मिश्रण, आणि त्या थंडीत ब्युटेनला फारसा दाबच उरत नाही. उन्हाळ्यात उलट. द्रव तापला की पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो, म्हणून टाकी कधीच काठोकाठ भरत नाहीत. वरची मोकळी जागा पंचेचाळीस अंशांच्या दुपारसाठी राखलेली असते.

आता ऑइल. डिझेल ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की थोड्याच तासांत काळं होतं, हे ताडकळसच्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे. प्रोपेनच्या इंजिनातलं ऑइल मात्र बराच काळ सोनेरी राहतं, कारण काजळी जवळजवळ नसतेच. पण खरा धोकाही इथंच आहे. रंग चांगला दिसतो म्हणून माणूस ऑइल बदलायचं टाळतो, आणि ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं आतल्या आत संपून गेलेली असतात. म्हणून रंगाकडे न पाहता मीटरवरचे तास पाहायचे आणि कंपनीनं सांगितलेल्या तासांना ऑइल-फिल्टर बदलायचा. याबाबतीत ट्रॅक्टरची शिस्त इथंही तशीच चालते.

वायूतून ठिणगी पाडायला जास्त दाबाची वीज लागते. त्यामुळे प्लगमधली फट वाढलेली चालत नाही. फिलर गेज लावून ती मोजावीच लागते. ज्वलन कोरडं असल्यानं व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज होऊ शकते, म्हणून टॅपेटही तपासायचे. एअर फिल्टर, इंजिनाच्या पंख्यांत अडकलेलं गवत, पट्टे, पात्यांची धार, ग्रीस ही कामं इतर यंत्रांसारखीच.

मला सगळ्यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं: हे इंधन शिळं होत नाही. पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात टाकला, की पुढच्या खरिपाला कार्ब्युरेटर चिकट झालेला सापडतो. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. बंद टाकीतला प्रोपेन मात्र वर्षानुवर्षं आहे तसाच राहतो.

आता गळती. शुद्ध प्रोपेनला वास नसतो. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा, आणि नाकाला तो अत्यंत कमी प्रमाणातही कळतो. १९३७ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, न्यू लंडन गावच्या शाळेत, वास नसलेला नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वायूंमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले. या यंत्रांतही जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. काडी पेटवून कधीच पाहत नाहीत. हा वायू हवेपेक्षा जड असल्यानं गळाला की जमिनीलगत पसरतो, म्हणून यंत्र खोलगट किंवा बंद जागेत ठेवत नाहीत.

हे वाचून कुणाच्या मनात घरची टाकी एखाद्या यंत्राला जोडायचा विचार आला असेल, तर तो तिथंच सोडा. आपल्याकडे २००० सालापासून वाहनांना एलपीजीची मुभा आहे, पण ती मान्यताप्राप्त किट आणि पंपावरच्या गॅसपुरती. घरगुती टाकी वाहनाला लावणं हा गुन्हा आहे.

आज एवढंच करा. टाकीच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांची आतली बाजू पाहा. तिथं ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. टाकीची पुढची चाचणी तोवर व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका, आणि गळतीची शंका आली तर खिडक्या-दारं उघडून, विजेच्या बटणांना हात न लावता बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.