सायकलवरचं हेल्मेट : सवय हवी, सक्ती नको

मोटार वाहन कायद्याचं कलम 129 मोटारसायकल चालवणाऱ्यावर आणि तिच्या मागे बसणाऱ्यावर हेल्मेटची सक्ती करतं. 2019च्या दुरुस्तीनंतर ते चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे. सायकल मात्र मोटार वाहनच नसल्यामुळे या कलमाबाहेर राहिली. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या एकाच खड्ड्यात दोघं आपटले, तर एकाच्या डोक्याची काळजी सरकारला आहे आणि दुसऱ्याची त्याची त्याला. दुचाकीच्या हेल्मेटवरून पुण्यात केवढं रण माजलं! 1 जानेवारी 2019पासून अंमलबजावणी कडक होताच विरोधात लोक रस्त्यावर उतरले. सायकलच्या हेल्मेटबद्दल मात्र ना कुणी भांडलं, ना कुणी नीट बोललं. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत चार हजारांवर सायकलस्वार होते. तेव्हा प्रश्न विचारायलाच हवा : रस्त्यावर सायकल चालवताना हेल्मेट घालावं का? माझं उत्तर, घालावं, आणि अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही घालावं. मात्र प्रौढ माणसाने ते घातलं नाही म्हणून पोलिसाने पावती फाडावी का, तर नाही. ही दोन उत्तरं एकमेकांविरुद्ध वाटतील, पण दोन्ही एकाच पुराव्यातून निघतात.

त्यासाठी हेल्मेट नेमकं काय करतं, हे आधी समजून घ्यायला हवं. बाहेरचं रंगीत प्लास्टिकचं कवच महत्त्वाचं वाटतं, पण खरं काम आतला पांढरा थर करतो. हा थर म्हणजे नव्या टीव्हीच्या खोक्यात येतं त्याच जातीचं, पण जास्त घट्ट थर्माकोल. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा कवटी क्षणार्धात थांबते, आतला मेंदू मात्र पुढे जात राहतो. इजा होते ती या झटक्याने. थर्माकोल दबत जातो आणि डोक्याला थांबायला थोडं जास्त अंतर देतो. हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावं इतकं लहान असतं, पण ते दहापट झालं तर सरासरी धक्का एक दशांशावर येतो. दबलेला थर्माकोल पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. युरोपातल्या ईएन 1078 या मानकाच्या चाचणीत हेल्मेट घातलेलं कृत्रिम डोकं सुमारे दीड मीटर उंचीवरून लोखंडी पृष्ठभागावर पाडतात. आदळताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो. एवढाच? असं पहिल्यांदा वाटतं. पण सायकलवरून कोसळणाऱ्या माणसाचं डोकं जमिनीकडे येतं ते मुख्यतः स्वतःच्या उंचीवरून. पुढे जाण्याचा वेग त्याला रस्त्यावर घासत नेतो, खाली आपटवतो तो उंचीमुळे आलेला वेग. त्यामुळे ताशी पंचवीसने जाणारा सायकलस्वार खडीवरून घसरून पडला, तरी त्याचं डोकं साधारण या चाचणीतल्याच वेगाने जमिनीला लागतं. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा, रंग न मारलेला स्पीडब्रेकर, अंधारात चाकाशी आलेलं कुत्रं, अचानक उघडलेलं मोटारीचं दार... आपल्याकडे सायकलस्वार पडतो तो बहुतेकदा असा, आणि नेमक्या अशाच पडण्यासाठी हेल्मेट बनवलेलं असतं.

प्रयोगशाळेत जे दिसतं ते रुग्णालयांतही दिसतं का? अमेरिकेतल्या सिएटल शहरात झालेल्या आणि 1989मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका 85 टक्क्यांनी घटतो, असं म्हटलं. हा आकडा पुढे वर्षानुवर्षं फलकांवर झळकला. तो बहुधा जास्त होता. 2016मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 40 अभ्यासांचा, म्हणजे 64 हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या माहितीचा, एकत्रित आढावा घेतला. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने, गंभीर इजेची 69 टक्क्यांनी आणि डोक्याच्या प्राणघातक इजेची 65 टक्क्यांनी कमी आढळली. यावर एक आक्षेप रास्त आहे : हेल्मेट घालणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असतो, मग श्रेय हेल्मेटचं की त्याच्या स्वभावाचं? पण या अभ्यासांत तुलना असते ती अपघात होऊन रुग्णालयात आलेल्यांमधली. सावध माणसाला अपघात कमी होतील, पण एकदा तो पडला की त्याच्या हातापायांना लागावं आणि डोकं मात्र वाचावं, हे नुसत्या स्वभावाने घडत नाही. स्वभावाचा काही वाटा जरूर असेल आणि तो वजा करावा. तरी उरतो तो फायदा मोठाच आहे, शिवाय चाचणीतल्या भौतिकशास्त्राशी तो जुळतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप नेदरलँड्सचा. तिथे रस्तोरस्ती सायकली आहेत, हेल्मेट घालणारे जेमतेम, आणि तरीही सायकल चालवण्यासाठी तो देश जगातल्या सर्वांत सुरक्षित देशांपैकी एक. हे खरं आहे, पण ही सुरक्षितता उघड्या डोक्यांनी आणलेली नाही. 1970च्या दशकात रस्त्यांवर मुलं मरू लागली तेव्हा लोकांनी आंदोलनं केली, आणि पुढच्या दशकांत सायकलींसाठी वेगळे मार्ग, चौकांची फेररचना, वस्त्यांमधल्या वाहनांच्या वेगावर मर्यादा अशी कामं झाली. ज्याच्या शहरात यातलं काहीच नाही, त्याने डच माणसाचं फक्त उघडं डोकं उचलण्यात काय हशील? शिवाय तिथेही 2022मध्ये 291 सायकलस्वार मृत्युमुखी पडले, त्यांत ज्येष्ठ मोठ्या संख्येने होते. आता तिथलं सरकारही स्वेच्छेने हेल्मेट घालायला सांगू लागलं आहे. दुसरा आक्षेप मोटारचालकांच्या वागण्याचा. ब्रिटनमधल्या एका मानसशास्त्रज्ञाच्या 2007च्या अभ्यासात, हेल्मेट दिसलं की गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून जातात, असं आढळलं. त्या निष्कर्षावर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. पण तो खरा मानला, तरी काही सेंटिमीटर अंतरासाठी डोक्याचं संरक्षण सोडून देणं मला पटत नाही.

हेल्मेटची मर्यादा मात्र स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. ट्रकच्या मागच्या चाकाखाली सापडलेल्या माणसाला कुठलंही हेल्मेट वाचवत नाही. आपल्या महामार्गांवर अंधारात मागून येणाऱ्या भरधाव वाहनाने उडवलेला सायकलस्वार अनेकदा छाती-पोटाच्या जखमांनी जातो. त्याला वाचवणार ते कमी वेग, रस्त्यावरचा उजेड, मागचा लाल दिवा आणि स्वतंत्र लेन. सक्तीला माझा विरोध सुरू होतो तो इथे. सक्ती आली की ही सारी जबाबदारी अलगद सायकलस्वाराच्या डोक्यावर येते. अपघातानंतर पहिला प्रश्न 'रस्ता असा का होता?' हा न राहता 'हेल्मेट होतं का?' हा होतो. पुणे महापालिकेने 2017मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याआधी बांधलेले सायकल ट्रॅक आज किती ठिकाणी पार्किंगखाली किंवा टपऱ्यांखाली गेले आहेत, हे पुणेकर रोज पाहतात. ते मोकळे न करता डोकं मात्र झाका म्हणण्याचा अधिकार यंत्रणेला कसा मिळतो?

सक्तीचा अनुभव जगाने घेतलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 1 जुलै 1990 रोजी सर्वांना हेल्मेट बंधनकारक केलं. डोक्याच्या इजा घटल्या, पण त्याबरोबर किशोरवयीन मुलांचं सायकल चालवणंही घटलं. इस्रायलने कायदा केला आणि चार वर्षांत, 2011मध्ये, शहरांतल्या प्रौढांपुरता मागे घेतला. ज्या सिएटलमधून तो 85 टक्क्यांचा आकडा आला, त्याच परिसराने 2022मध्ये सक्ती रद्द केली. कारण दंड होत होता तो प्रमाणाबाहेर बेघर आणि कृष्णवर्णीय माणसांना. आपल्याकडे दंड कुणाला होईल, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. रविवारी लोणावळ्याला जाणारा हौशी सायकलपटू हेल्मेट आधीपासूनच घालतो. पावती फाटेल ती पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाची, रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या वॉचमनची, एमआयडीसीत जाणाऱ्या कामगाराची. हौसेने नव्हे, बसचे पैसे वाचवायला सायकल वापरणारी ही माणसं एका दंडानंतर सायकल सोडतील किंवा हप्त्यावर दुचाकी घेतील. त्यातून रस्ता कुणासाठीच सुरक्षित होणार नाही.

हेल्मेटमध्ये उकडतं, ही तक्रार खोटी नाही. व्यावसायिक शर्यतींतल्या सायकलपटूंनीही 1991च्या पॅरिस–नीस शर्यतीत हेल्मेटच्या नियमाविरुद्ध संप केला होता. 2003मध्ये त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडून गेला आणि त्यानंतर नियम लागू झाला. आज सायकलचं हेल्मेट साधारण पाव किलोचं असतं आणि त्याला हवेसाठी भरपूर झरोके असतात. दुचाकीचं जड, बंद हेल्मेट सायकलवर घालून कुणी 'जमत नाही' म्हणत असेल, तर त्याने वेगळी वस्तू घालून पाहिलेली असते. घेताना मानकाचा शिक्का पाहावा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, कपाळ झाकेल असं बसायला हवं. पट्टा इतका घट्ट असावा की हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं जातील. मागे सरकवून घातलेलं किंवा पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना निघून जातं.

पैशाचा प्रश्न याहून खरा आहे. मुलांच्या बाबतीत तो सरकारने सोडवायला हवा, कारण नऊ-दहा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या जोखमीचा निर्णय स्वतः घ्यावा, असं म्हणता येत नाही. महाराष्ट्रात मानव विकास मिशनमधून आठवी ते बारावीतल्या ग्रामीण मुलींना सायकली दिल्या जातात. या सायकलींमुळे कितीतरी मुलींची शाळा सुटायची वाचली. त्या अरुंद राज्यमार्गांच्या कडेने, उसाच्या ट्रॉलींच्या शेजारून शाळेत जातात. सायकलीसोबत प्रत्येकीला तिच्या मापाचं हेल्मेट आणि मागचा लाल दिवा द्यावा, पट्टा कसा लावायचा हे शाळेत एका तासात शिकवावं; सायकलीच्या खर्चात याने फार मोठी भर पडणार नाही. येत्या शैक्षणिक वर्षाच्या खरेदीतच ही तरतूद करता येईल, आणि त्यासाठी कुठल्या कायद्यात बदल करावा लागत नाही.