विस्तार सूत्रे (बीजगणित)

विस्तार सूत्रे म्हणजे दोन किंवा अधिक पदे असलेल्या बैजिक राशींचा गुणाकार, वर्ग अथवा घन कंस काढून कसा लिहावा हे सांगणाऱ्या नित्यसमानता होत. महाराष्ट्र राज्याच्या शालेय अभ्यासक्रमात द्विपदीच्या वर्गाची सूत्रे इयत्ता सातवीत, तर द्विपदीच्या घनाची आणि त्रिपदीच्या वर्गाची सूत्रे इयत्ता आठवीत येतात. ही सूत्रे यादी करून पाठ करण्याची प्रथा असली, तरी ती सर्व एकाच नियमातून निघतात. बेरजेला गुणताना तिच्यातील प्रत्येक पदाला गुणावे लागते, हा तो नियम असून त्याला गुणाकाराचा वितरण गुणधर्म म्हणतात. (अ + ब)² च्या विस्तारातील मधले पद गाळणे ही विद्यार्थ्यांच्या हातून होणारी सर्वांत परिचित चूक आहे आणि ती याच गुणधर्माच्या विस्मरणातून उद्भवते.

या लेखात अ, ब, क ही अक्षरे कोणत्याही संख्यांसाठी आणि क्ष हे अक्षर चलासाठी वापरले आहे. दोन अक्षरे शेजारी लिहिली असता त्यांचा गुणाकार अभिप्रेत आहे.

नित्यसमानता आणि समीकरण

क्ष + ३ = १० हे समीकरण आहे. क्ष ची किंमत ७ असेल तरच ते सत्य ठरते. याउलट (क्ष + १)² = क्ष² + २क्ष + १ हे विधान क्ष च्या जागी कोणतीही संख्या ठेवली तरी सत्यच राहते; ती संख्या धन असो, ऋण असो वा अपूर्णांक. अशा विधानाला नित्यसमानता म्हणतात. समीकरण सोडवायचे असते, तर नित्यसमानता सिद्ध करून वापरायची असते. दोन्हींत बरोबरचे एकच चिन्ह वापरले जात असल्यामुळे हा भेद प्रारंभी ध्यानात येत नाही.

द्विपदीचा वर्ग

(अ + ब)² याचा अर्थ (अ + ब) × (अ + ब) असा आहे. पहिल्या कंसातील प्रत्येक पदाने दुसऱ्या कंसातील प्रत्येक पदाला गुणल्यास अअ, अब, बअ आणि बब असे चार गुणाकार मिळतात. अब आणि बअ यांची किंमत समान असल्याने ती सरूप पदे एकत्र करता येतात. म्हणून

(अ + ब)² = अ² + २अब + ब²

मधल्या पदातील २ हा सहगुणक कोठून आला याचे उत्तर एवढेच आहे की तो गुणाकार दोनदा येतो.

ब च्या जागी −ब ठेवल्यास दुसरे सूत्र मिळते. मधला गुणाकार ऋण होतो. शेवटचे पद मात्र धनच राहते, कारण ऋण संख्येचा वर्ग धन असतो.

(अ − ब)² = अ² − २अब + ब²

तोंडी हिशेबात या सूत्रांचा उपयोग सहज होतो. १०३ चा वर्ग १०००० + ६०० + ९ म्हणजे १०६०९ आणि ९८ चा वर्ग १०००० − ४०० + ४ म्हणजे ९६०४ येतो. ज्यांच्या एकक स्थानी ५ आहे अशा संख्यांचा वर्ग करण्याची परिचित युक्तीही याच सूत्राची आहे. (१०अ + ५)² याचा विस्तार १००अ² + १००अ + २५ असा होतो, म्हणजेच १०० × अ × (अ + १) + २५. म्हणून ६५ चा वर्ग करताना ६ ला ७ ने गुणून येणाऱ्या ४२ पुढे २५ लिहितात, उत्तर ४२२५.

मधले पद आणि नेहमीची चूक

१० मीटर बाजूच्या चौरस अंगणाची प्रत्येक बाजू ३ मीटरने वाढवली, असे समजा. नव्या अंगणाचे क्षेत्रफळ १३ × १३ म्हणजे १६९ चौरस मीटर आहे. (अ + ब)² = अ² + ब² असे चुकीचे सूत्र वापरणाऱ्याला ते १०० + ९ म्हणजे १०९ चौरस मीटर मिळेल. उरलेले ६० चौरस मीटर कोठे गेले, हे आकृती काढताच दिसते. जुन्या चौरसाच्या दोन बाजूंना १० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असे दोन पट्टे वाढलेले असतात आणि त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या कोपऱ्यात ३ मीटर बाजूचा लहान चौरस बसतो. चुकीच्या सूत्रात जुना चौरस आणि कोपऱ्यातला चौरस मोजला जातो, पट्टे मोजलेच जात नाहीत. २अब म्हणजे ते दोन पट्टे.

चुकीचे सूत्र कधीतरी बरोबर ठरते का, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. (अ + ब)² आणि अ² + ब² यांत २अब इतका फरक असल्याने अ किंवा ब यांपैकी किमान एक शून्य असेल तेव्हाच ते समान होतात. (अ − ब)² ऐवजी अ² − ब² लिहिण्याची चूक अधिक फसवी आहे, कारण ब शून्य असताना तर त्या दोहोंची किंमत समान येतेच, शिवाय अ आणि ब समान असतानाही दोन्हींची किंमत शून्य येते. दोन्ही अक्षरांच्या जागी २ ठेवून ताळा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते सूत्र बरोबरच वाटेल. अ = ५ आणि ब = २ घेतल्यास एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला २१ येऊन चूक उघडी पडते. म्हणून ताळा करताना शून्य टाळावे आणि भिन्न अक्षरांसाठी भिन्न संख्या घ्याव्यात.

एका उदाहरणात विधान असत्य ठरले तर ती नित्यसमानता नाही हे निश्चित होते. पण एका उदाहरणात सत्य ठरल्याने ते सिद्ध होत नाही. मात्र येथे एक उल्लेखनीय गोष्ट आहे. दोन्ही बाजूंना एकाच चलाच्या, दोनपेक्षा अधिक घात नसलेल्या बहुपदी असतील आणि चलाच्या तीन भिन्न किमतींसाठी त्या समान येत असतील, तर त्या सर्वच किमतींसाठी समान असतात.

वर्गांतर

दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार करताना मधले दोन गुणाकार परस्परविरुद्ध चिन्हांचे येतात आणि नाहीसे होतात.

(अ + ब)(अ − ब) = अ² − ब²

या सूत्राने १०५ × ९५ हा गुणाकार १०००० − २५ म्हणजे ९९७५ असा तोंडी करता येतो. उलट दिशेने वाचल्यास तेच सूत्र अवयव पाडण्याचे साधन बनते. ३५९९ ही संख्या मूळ आहे की संयुक्त हे पाहताक्षणी सांगणे अवघड आहे. पण ती ६० च्या वर्गाहून १ ने कमी असल्याचे ध्यानात आले की ५९ × ६१ हे अवयव तत्काळ मिळतात. अ² + ब² या राशीचे मात्र वास्तव सहगुणक असलेले असे अवयव पडत नाहीत.

इतिहास

युक्लिडच्या ‘एलेमेंट्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातील चौथे विधान द्विपदीच्या वर्गाचेच आहे. इ.स.पू. ३०० च्या सुमाराच्या या ग्रंथात अक्षरांची राशी नाही. रेषाखंडाचे दोन भाग केले असता संपूर्ण रेषाखंडावरील चौरस हा दोन भागांवरील चौरस आणि त्या भागांपासून होणाऱ्या आयताची दुप्पट यांच्याइतका असतो, अशी त्याची भौमितिक मांडणी आहे. वर उल्लेखलेले अंगण ते हेच.

भारतीय परंपरेत ही सूत्रे प्रामुख्याने वर्ग काढण्याच्या रीती म्हणून आढळतात. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात अशी रीत दिली आहे की संख्येत एखादी इष्ट संख्या मिळवावी, तीच इष्ट संख्या वजाही करावी, दोहोंचा गुणाकार करावा आणि त्यात इष्ट संख्येचा वर्ग मिळवावा. हे अ² = (अ + ब)(अ − ब) + ब² असे सूत्र होय. भास्कराचार्यांनी (दुसरे भास्कर) इ.स. ११५० मधील ‘लीलावती’त ही रीत देऊन तिच्यासोबत संख्येचे दोन भाग करून वर्ग काढण्याची रीतही सांगितली आहे. त्यांनी उदाहरणादाखल ९, १४, २९७ आणि १०००५ या संख्या निवडल्या. ९ चे ४ आणि ५ असे भाग केले, तर त्यांच्या गुणाकाराची दुप्पट ४० आणि वर्गांची बेरीज ४१, मिळून ८१. २९७ साठी इष्ट संख्या ३ घेतल्यास २९४ × ३०० = ८८२०० आणि त्यात ९ मिळवून ८८२०९. मूळ श्लोकात २९७ चा उल्लेख ‘तीनने कमी तीनशे’ अशा आशयाने येतो. म्हणजे प्रश्नातच उत्तराची वाट सुचवलेली आहे.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत (अ − ब)² च्या विस्तारावरून दाखवला आहे. १५ आणि २० बाजूंचे चार काटकोन त्रिकोण चौरसाकार मांडल्यास मध्ये ५ बाजूचा लहान चौरस उरतो. चार त्रिकोणांचे एकूण क्षेत्रफळ ६०० आणि मधल्या चौरसाचे २५, मिळून ६२५. म्हणून कर्ण २५. व्यापक रूपात २अब + (अ − ब)² = अ² + ब². भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आहे.

त्या काळी अज्ञात राशी ‘यावत्तावत्’ आणि रंगवाचक ‘कालक’, ‘नीलक’ इत्यादी शब्दांच्या आद्याक्षरांनी लिहीत. वर्गासाठी ‘व’ आणि ज्ञात संख्येसाठी ‘रू’ हे अक्षर असे. आजचे क्ष² + २क्ष + १ हे त्या लेखनात ‘याव १ या २ रू १’ असे दिसेल. ज्ञात संख्यांसाठीही अक्षरे वापरून सूत्रे सर्वसामान्य रूपात मांडण्याची पद्धत फ्रान्सवा व्हिएत याच्या १५९१ मधील लेखनापासून युरोपात सुरू झाली.

वर्गमूळ काढण्याची रीत

भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढताना प्रत्येक टप्प्यावर आलेल्या मूळाची दुप्पट का करतात, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते. ती दुप्पट म्हणजे २अब मधील २अ होय. १३६९ चे वर्गमूळ काढताना ३० चा वर्ग ९०० वजा केल्यावर ४६९ उरतात. आता २ × ३० × ब + ब² = ४६९ होईल असा अंक शोधायचा. ब = ७ घेतल्यास ४२० + ४९ = ४६९, म्हणून वर्गमूळ ३७.

दोन भिन्न द्विपदींचा गुणाकार

(क्ष + अ)(क्ष + ब) = क्ष² + (अ + ब)क्ष + अब

येथे मधल्या पदाचा सहगुणक ही अ आणि ब यांची बेरीज आणि शेवटचे पद हा त्यांचा गुणाकार आहे. वर्ग त्रिपदीचे अवयव पाडण्याची शालेय रीत यावरच आधारलेली आहे. क्ष² + ७क्ष + १२ साठी बेरीज ७ आणि गुणाकार १२ असलेल्या ३ आणि ४ या संख्या मिळतात. म्हणून अवयव (क्ष + ३) आणि (क्ष + ४). क्ष² − क्ष − १२ साठी त्याच अंकांची चिन्हे बदलून −४ आणि ३ घ्याव्या लागतात. त्रिपदीचा वर्गही याच मार्गाने मिळतो:

(अ + ब + क)² = अ² + ब² + क² + २अब + २बक + २कअ

घनविस्तार

(अ + ब)² च्या विस्ताराला पुन्हा (अ + ब) ने गुणल्यास

(अ + ब)³ = अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³

हे सूत्र मिळते. (अ + ब) बाजूचा लाकडी घन प्रत्येक दिशेने अ आणि ब अशा भागांत कापल्यास आठ तुकडे होतात: एक मोठा घन, तीन पसरट ठोकळे, तीन लांबट ठोकळे आणि एक लहान घन. वजाबाकीच्या घनात चिन्हे आळीपाळीने बदलतात: (अ − ब)³ = अ³ − ३अ²ब + ३अब² − ब³. पहिल्या सूत्राने १०२ चा घन १०००००० + ६०००० + १२०० + ८ म्हणजे १०६१२०८ येतो.

दोन घनांच्या बेरजेचे अवयव असे पडतात:

अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)

श्रीनिवास रामानुजन आणि गॉडफ्रे हार्डी यांच्या संवादामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या दोन धन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या आहे. १२³ + १³ ला सूत्र लावल्यास १३ × १३३ आणि १०³ + ९³ ला लावल्यास १९ × ९१ असे अवयव येतात. १३३ म्हणजे ७ × १९ आणि ९१ म्हणजे ७ × १३. दोन्ही वाटांनी ७ × १३ × १९ हेच मूळ अवयव हाती येतात.

मर्यादा

अब आणि बअ समान असणे हे वरील सूत्रांच्या सिद्धतेत गृहीत धरलेले आहे. संख्यांच्या गुणाकाराला क्रमनिरपेक्षतेचा गुणधर्म असल्याने शालेय गणितात हे वेगळे सांगावे लागत नाही. उच्च गणितातील मॅट्रिक्सच्या गुणाकारात मात्र क्रम बदलल्यास उत्तर बदलू शकते. तेथे मधली दोन पदे एकत्र करता येत नाहीत आणि (अ + ब)² चा विस्तार अ² + अब + बअ + ब² असा चार पदांतच ठेवावा लागतो.