पायांच्या चिखल्या : खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नाही

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा भट्टीजवळ काम करायचे तर जाड सेफ्टी शूज हवेतच. ते इजेपासून पाय वाचवतात; पण आठ तासांच्या पाळीचा घामही आत कोंडून ठेवतात. त्यात पावसाळ्याची भर पडली, की करंगळीच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटते. यालाच आपण चिखल्या म्हणतो.

पाण्यातून चालल्यामुळे चिखल्या होतात, असा समज आहे. पाणी फक्त वाट करून देते; मूळ कारण बहुतेक वेळा बुरशी असते. ती त्वचेतल्या केराटिन या प्रथिनावर जगते. ऊब आणि ओल मिळताच फोफावते. न्हाणीघराची ओली फरशी, टॉवेल, मोजे यांतून ती घरातल्या इतरांनाही होते. पुढे नखे पिवळी, जाड होतात. जांघेत गजकर्ण उठते.

खरा धोका आहे तो मनाने आणलेल्या मलमाचा. अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते. पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरतच राहते. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशीही आता आपल्या देशात आढळते.

मग काय करावे?

• पाय धुतल्यावर प्रत्येक बेचके कोरडे पुसा. पायांसाठी वेगळा टॉवेल ठेवा.
• सुती मोजे रोज बदला. गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.
• शक्य असल्यास बुटांचे दोन जोड ठेवून आलटून पालटून वापरा.
• चिखल्या असताना आधी मोजे घाला, मग अंतर्वस्त्र. म्हणजे बुरशी जांघेपर्यंत जाणार नाही.
• डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

मधुमेह असणाऱ्यांनी रोज तळपाय आणि बेचकी पाहावीत. चिरेतून जंतू शिरले, तर पाय सुजून ताप येऊ शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

पाळी संपवून घरी आलात, की चहाचा कप हाती घेण्याआधी बूट-मोजे काढा आणि पाय धुऊन कोरडे करा. या दोन मिनिटांनी पुढचे कित्येक आठवड्यांचे दुखणे टळेल!